वाट चुकलेल्याला आधी काय विचारावं?

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत येऊन अडकलं. १३ नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असतील. ओल्या वाळूवर पडलेलं ते काळपट धूड, भोवती माणसांचा गराडा, कुणी अंगावर पाणी ओततंय, कुणी दोर ओढतंय. आम्ही ते सगळं अकोल्यात, आमच्या घरी पाहत होतो. समुद्रापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर दूर, पलंगावर बसून, चिवडा खात.

बाबांनी माझ्या हातातला फोन घेतला. हात लांब करून, मान तिरपी करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याची माय कुठी हाय?"

"माहीत नाही बाबा."

"मंग याले वाट कशी काय समजली नाई?"

"दिशा चुकली असेल," मी म्हणालो आणि फोन परत घेतला.

पुण्यात मी जिथे नोकरी करतो तिथे माझं काम वाटा काढण्याचंच आहे. सामान पोचवणाऱ्या गाड्यांनी कुठून कुठे जावं, आधी कुठे थांबावं, कुठला रस्ता टाळावा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. गाडी चुकली की आमच्या स्क्रीनवर लाल ठिपका येतो. अशा माणसाने बापाच्या प्रश्नाला "दिशा चुकली असेल" एवढंच उत्तर द्यावं, हे मला त्या दिवशी खटकलं नाही. खटकलं ते नंतर.

आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. २०१९ मध्ये रिटायर झाले. अकोला-अमरावती हा त्यांचा हातखंडा रस्ता. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, माना, कुरूम, लोणी, बडनेरा ही गावं मी शाळेत पाढे म्हणावेत तशी त्यांच्या तोंडून ऐकली आहेत. लहानपणी सुट्टीत ते मला केबिनमध्ये बोनेटजवळ बसवून न्यायचे. एकदा मी विचारलं होतं, रात्री रस्ता कसा समजतो? ते म्हणाले होते, "रस्त्याले आपन नाई पाह्यत, रस्ताच आपल्याले नेते." मला ते वाक्य तेव्हा फार भारी वाटलं होतं. इंजिनिअर झाल्यावर ते साधं वाटायला लागलं. शिक्षणाचा असाही एक परिणाम होतो.

भाऊबीज १५ तारखेला होती. आत्याचं गाव दर्यापूरजवळ आहे. बाबा दरवर्षी जातात, तसे गेले. आमची जुनी वॅगनआर घेऊन, एकटेच. मी येतो म्हणालो तर, "तू सुट्टीत आला, आराम कर." संध्याकाळी साडेसातला तिकडून निघाल्याचा आत्याचा फोन आला. दीड-दोन तासांचं अंतर. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, आणि बाबांचा फोन आला.

"बापू, मी कुठी हाय ते समजून नाई रायलं."

हे वाक्य मी आजही जसंच्या तसं ऐकू शकतो. आवाज घाबरलेला नव्हता. लाजलेला होता.

मी म्हणालो, लोकेशन पाठवा. त्यांना ते जमेना. मी म्हणालो, आजूबाजूची पाटी वाचा. ते म्हणाले, "पाटी दिसून नाई रायली." मी म्हणालो, मग कुणाला तरी फोन द्या. बाजूला एक ढाबा होता. तिथल्या पोराने सांगितलं, काका कुरूमच्या पुढे आहेत.

मूर्तिजापूरला हायवेला लागून पश्चिमेला अकोल्याकडे वळायचं, तर बाबा पूर्वेला अमरावतीकडे निघाले होते. ज्या रस्त्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्याच रस्त्यावर, उलट्या दिशेला.

मित्राची गाडी घेऊन मी गेलो. येताना वॅगनआर मी चालवली आणि बाबा बाजूला बसले. पूर्ण रस्ताभर एक शब्द नाही. घरी आल्यावर आईने ताट वाढलं, ते दोन घास खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन गोष्टी केल्या. गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून माझ्या बॅगेत टाकली. बाबांच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू केलं, म्हणजे त्यांचा ठिपका मला पुण्यात दिसत राहील. आणि आईला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की मेंदूच्या डॉक्टरला दाखवावं लागेल. रात्रभर मी मोबाईलवर तेच वाचत होतो. बासष्ट वर्षं वय, ओळखीचा रस्ता विसरणे, पुढे काय होतं. बाबांनी किल्लीबद्दल विचारलं नाही. रिकाम्या खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि अंगणात जाऊन बसले.

मी पुण्याला परत आलो. गणपतीपुळ्याच्या पिल्लाला सुमारे चाळीस तासांच्या धडपडीनंतर खोल पाण्यात नेऊन सोडल्याची बातमी आधी आली होती. पुढे दुसरी बातमी आली की ते वाचलं नाही.

*

बाबांचा ठिपका घरातून हलत नव्हता. एसटीतून रिटायर झाल्यावरही रोज सकाळी स्टँडवर चहाला जाणारा माणूस आठवडाभर घराबाहेर पडला नाही. मी ऑफिसमध्ये बसून तो ठिपका पाहायचो. माझ्या सिस्टिमच्या भाषेत सगळं व्यवस्थित होतं. गाडी सुरक्षित जागी उभी.

का कोण जाणे, पण त्या दिवसांत मी रात्री देवमाशांबद्दल वाचायला लागलो. बाबांनी विचारलेला एक प्रश्न तरी नीट सोडवावा, असं काहीतरी मनात असेल.

सुरुवात चालण्यापासून केली. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो. देवमासा वर-खाली हलवतो. त्याचं शेपूट आडव्या पंख्यासारखं असतं आणि पाठीचा कणा वर-खाली वाकतो, पळणाऱ्या कुत्र्याचा वाकतो तसा. हे उगाच नाही. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे. आणि ते चालायचे आपल्याच भागात. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट परिसरात ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या दगडांमधून 'इंडोहायस' नावाच्या एका मांजराएवढ्या प्राण्याची हाडं निघाली. २००७ मध्ये हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. त्यानंतरच्या काळातल्या, पाण्याला सरावत चाललेल्या देवमाशांचे अवशेष कच्छमध्ये सापडले आहेत.

मला यात आणखी एक गंमत वाटली. आपल्या वऱ्हाडातली काळी माती ज्या लाव्हाच्या खडकातून झाली, तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे आमच्या वावरातली माती ज्या खडकातून आली, तो देवमाशांपेक्षा जुना. आत्याच्या गावचं विहिरीचं पाणी खारट आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला तो खारपाणपट्टा. गावातली म्हातारी माणसं म्हणतात की इथे कधीकाळी समुद्र होता, आणि जवळच्या गावाच्या नावातही 'दर्या' आहे. ते खरं-खोटं बाजूला ठेवू, पण त्या पाण्याचा चहा प्यायलेल्या माणसाला समुद्र अगदीच परका वाटत नाही.

तर शेपूट हे देवमाशाचं इंजिन. स्टिअरिंग म्हणजे पुढचे दोन पर. त्या परांच्या आत आजही हाताची हाडं आहेत, मनगट आणि बोटांसकट. एक पर किंचित तिरपा केला की एवढं मोठं शरीर वळतं. हंपबॅक जातीच्या देवमाशात हे पर शरीराच्या जवळपास एक तृतीयांश लांबीचे असतात, म्हणून तो त्याच्या आकाराच्या मानाने फार चपळ वळतो. निळा देवमासा तर खाण्याच्या वेळी स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतो. २५ मीटरचं शरीर, म्हणजे मागेपुढे लावलेल्या दोन एसट्यांपेक्षा लांब, आणि गिरकी!

पण इंजिन आणि स्टिअरिंग असून भागत नाही. कुठे जायचं ते कळायला पाहिजे.

*

समुद्रात दोनशे मीटरच्या खाली उजेड जवळपास संपतो. त्यामुळे डोळ्यांवर विसंबून लांबचा प्रवास होत नाही. आवाजाचं मात्र उलट आहे. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगाने, आणि जितका खर्जातला तितका लांब पोचतो. स्पर्म व्हेलसारखे दात असलेले देवमासे टकटक असे आवाज सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतात. निळा देवमासा, हंपबॅक या दात नसलेल्या, तोंडातल्या गाळणीने खाणाऱ्या जातींकडे तशी यंत्रणा नाही. त्यांच्याकडे आहे तो खर्ज. निळ्या देवमाशाची साद इतकी खालच्या पट्टीची असते की आपल्या कानाला ती धड ऐकूही येत नाही, पण पाण्याखाली ती शेकडो किलोमीटर जाते.

आणि याच पट्टीत आपल्या जहाजांची इंजिनं घरघरतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाजवळच्या बे ऑफ फंडीत जहाजांची वर्दळ एकदम कमी झाली. तिथे राइट व्हेल जातीचा अभ्यास आधीपासून सुरू होता. पाण्यातला गोंगाट घटला तसे त्या देवमाशांच्या विष्ठेत ताण दाखवणारे हॉर्मोनही घटलेले आढळले. म्हणजे एरवी ते सतत ताणात असतात, आणि ते आपल्याला कळलं कशाने, तर जग चार दिवस गप्प बसल्याने.

मग वाचलं सरळ रेषेबद्दल. २०११ मध्ये ट्रॅव्हिस हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी सॅटेलाइट टॅग लावलेल्या १६ हंपबॅकच्या वाटा छापल्या. खुल्या समुद्रात, जिथे ना डोंगर ना किनारा, तिथे हे देवमासे दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर असं कापत होते की दिशेत एका अंशाचाही फरक नाही. प्रवाह बाजूने ढकलतोय, वादळ येतंय, तरी रेष सरळ. नुसता सूर्य पाहून किंवा नुसतं पृथ्वीचं चुंबकत्व ओळखून एवढा नेमकेपणा समजावून सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुधा दोन-चार गोष्टी एकमेकींशी ताडून पाहत असावेत.

हे मला लगेच समजलं, कारण तुमच्या खिशातला फोनही हेच करतो. बोगद्यात जीपीएस गेलं की तो आधीचा वेग, वळण, धक्के यांवरून अंदाज बांधत राहतो. कुठल्याही एका सेन्सरवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

आणि मग तो पेपर हाती लागला, ज्याने माझी झोप उडवली.

जेसी ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रे व्हेलचा हिशेब मांडला. ३१ वर्षांच्या नोंदी. त्यातून आजारी, उपाशी, जखमी देवमासे वगळले. उरले १८६, चांगले धडधाकट, जिवंत असताना किनाऱ्याला लागलेले. मग त्या तारखा सूर्यावरच्या घडामोडींशी जोडून पाहिल्या. सूर्यावर वादळं झाली की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, म्हणजे समजा नकाशाच सरकतो. दुसरी, रेडिओ लहरींचा गोंगाट वाढतो, म्हणजे नकाशा जागेवर असतो पण तो वाचणारा रिसीव्हर आंधळा होतो. हिशेबात नकाशा सरकण्याचा संबंध दिसला नाही. गोंगाटाचा दिसला. ज्या दिवशी हा रेडिओ गोंगाट जास्त, त्या दिवशी देवमासे किनाऱ्याला लागण्याची शक्यता ४.३ पट.

हा पुरावा आकडेवारीचा आहे. देवमाशाच्या शरीरात चुंबकत्व ओळखणारा अवयव अजून कुणी बोट ठेवून दाखवलेला नाही. पण माझ्यासाठी प्रश्नाची मांडणीच पुरेशी होती. हरवलेल्या जिवाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. त्याचा नकाशा बिघडला का? आणि, त्याचा रिसीव्हर बिघडला का?

बाबांच्या बाबतीत मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा झालो होतो. दुसरा विचारलाच नव्हता.

"पाटी दिसून नाई रायली." मी त्याचा अर्थ घेतला होता की तिथे पाटी नाही.

*

रात्रीचे अकरा वाजले होते. सकाळी फोन केला.

"बाबा, त्या दिवशी मूर्तिजापूरजवळ तुमाले काय दिसत होतं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "दिसत नोतं, हेच तं. समोरून गाडी आली का सारं पांढरं होऊन जाते. लाइटाभवती खये पडते. मंग रस्ता हाय का नाई तेच नाई समजत."

"कधीपासून?"

"झालं असन वरीसभर."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगून काय? तू किल्ली घेतली असती."

मला यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. किल्ली माझ्या पुण्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा बराच पिकलेला. व्हिडिओ पाहताना हात लांब आणि मान तिरपी का होती ते आता कळलं. मी ते समोर बसून पाहिलं होतं. जानेवारीत आधी उजव्या, मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मेंदूच्या डॉक्टरकडेही आम्ही जाऊन आलो, कारण एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसतंच असं नाही. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि वयाला साजेसं आहे, काळजीचं काही नाही, असं सांगितलं. बाहेर आल्यावर बाबा आईला म्हणाले, "मले इचारत होते आज कोन्ता वार हाय. म्या त्याइले अकोला-अमरावतीचे सारे थांबे सांगतले."

*

गोष्ट इथे संपवली तर ती फार सोपी होईल. डोळे साफ झाले, बाबा पुन्हा गाडीवर, आणि मुलगा शहाणा झाला. तसं झालं नाही.

होळीला मी घरी गेलो तेव्हा किल्ली खिळ्यावर लावली. बाबा म्हणाले, "तू चालव, मी सांगतो." फोन बंद ठेवायचा, अशी अट. संध्याकाळी आम्ही आत्याकडे निघालो.

मला तेव्हा समजलं की मला हा रस्ता येतच नाही. मी शेकडो वेळा गेलोय, पण नेहमी एक आवाज मला डावीकडे-उजवीकडे सांगत होता आणि मी ऐकत होतो. बाबा मात्र बोलायला लागले तसा रस्ता उलगडत गेला. इथे चढ, मग पूल, पुलानंतर हवा गार लागली पाहिजे. इथे पूर्वी ओळीने कडुनिंबं होती, त्यातलं तिसरं वाकलेलं, ते दिसलं की गिअर बदलायचा. पण कडुनिंब नव्हते. रस्ता रुंद झाला तशी झाडं गेली. जून २०२२ मध्ये याच हायवेवर लोणी ते माना यांदरम्यान एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांनी ते स्टेटसला अभिमानाने ठेवलं होतं, मीही. रस्ता सुंदर आहे, आणि बाबांनाही आवडतो. पण त्यांच्या डोक्यातल्या खुणांपैकी बऱ्याच त्या सुंदर रस्त्यावर आता नाहीत.

दोन ठिकाणी ते चुकलेही. "आता डाव्या हाताले पेट्रोल पंप," म्हणाले, आणि तो उजवीकडे गेला होता, कारण आम्हीच आता दुसऱ्या पट्ट्यावर होतो. ते गप्प झाले. मग म्हणाले, "बदललं बरंच."

ब्रियाना अॅब्राम्स यांच्या टीमने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या ६० निळ्या देवमाशांच्या वाटा तपासल्या होत्या. समुद्रात अन्न कधी कुठे फुलतं, याच्या सॅटेलाइट नोंदी त्यांच्याकडे होत्या. अपेक्षा अशी की देवमासा जिथे यंदा अन्न आहे तिथे जाईल. निघालं वेगळंच. त्यांच्या वाटा त्या वर्षीच्या परिस्थितीपेक्षा गेल्या दहा वर्षांच्या सरासरीशी जास्त जुळत होत्या. म्हणजे देवमासा ताज्या बातमीवर नाही, आठवणीवर चालतो. आमच्या भाषेत कॅशवर. शंभर वर्षांच्या जवळ जगणाऱ्या, अथांग पाण्यात फिरणाऱ्या जिवासाठी हे शहाणपणाचंच आहे, कारण एखादं वर्ष फसवतं, दहा वर्षं सहसा फसवत नाहीत. अडचण तेव्हा येते, जेव्हा समुद्रच आठवणीपेक्षा वेगाने बदलायला लागतो. त्या अभ्यासकांनीही हीच काळजी लिहिली आहे.

बाबांचा रिसीव्हर बिघडला होता, हे खरं. त्यांचा नकाशा शाबूत होता, हेही खरं. आणि त्या नकाशाखालची जमीन थोडी सरकली होती, हे तिसरं खरं. रात्री, चकाकीत, अनोळखी झालेल्या वळणावर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. यातली कुठलीही एकटी आली असती तर ते घरी पोचले असते. एकतीस वर्षं पोचलेच होते.

दर्यापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी त्यांना लुबानची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रातले हंपबॅक जगातल्या इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. मान्सूनमुळे ओमानच्या किनाऱ्याशी तळाचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यामुळे त्यांना घरबसल्या खायला मिळतं. सुमारे सत्तर हजार वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे पडलेत. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रातले २४२ मारले आणि आज ओमानकडे शंभराच्या आत उरलेत असा अंदाज आहे. त्यातल्या एका मादीला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ टॅग लावला. तिचं नाव लुबान. पुढच्या महिन्यात ती निघाली आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून दक्षिणेला उतरत मन्नारच्या आखातापर्यंत गेली. हे हंपबॅक आपल्या बाजूला येतात का, याचा असा थेट पुरावा तोवर नव्हता.

"लुबान म्हंजे लोबान काय?" बाबांनी विचारलं. "दर्ग्यात जाळते तो?"

"हव, तोच शब्द."

"एकटीच आली?"

"टॅग तं एकटीलेच होता."

"मंग आधी कोनी दाखवली असन तिले वाट. मायनं."

मी हसलो, पण ते बरोबर असू शकतं. हंपबॅकचं पिल्लू पहिलं वर्षभर आईला चिकटून असतं आणि आई जिथे खायला नेते तिथेच ते मोठेपणी परत परत जातं, हे अनेक समुद्रांत दिसलंय. निळ्या देवमाशाचं पिल्लू सहा-सात महिने आईच्या दुधावर असतं आणि तिच्या बाजूने पोहतं. त्या काळात ते फक्त दूध पीत नाही. नकाशा उतरवून घेत असतं.

म्हणजे दिवाळीत फोनवर तो व्हिडिओ पाहून बाबांनी विचारलेला पहिला प्रश्नच खरा प्रश्न होता. याची माय कुठी हाय? ते पिल्लू गणपतीपुळ्याला का लागलं, ते मी सांगू शकत नाही. पण आईशिवाय असलेल्या पिल्लाकडे इंजिन असतं, स्टिअरिंग असतं, नकाशा नसतो. त्याची चाळीस तास काळजी घेणाऱ्या माणसांनी त्याला समुद्र परत दिला. वाट देणं त्यांच्या हातात नव्हतं.

आत्याच्या दारात गाडी लावली तेव्हा अंधार पडला होता. बाबांनी स्वतःहून सांगितलं, "जाताना तूच चालव. रात्रीची गाडी आता आपल्याच्यानं होत नाई." किल्ली त्यांच्याकडे आहे. दिवसा ते अकोल्यात, मूर्तिजापूरपर्यंत जातात. रात्री जात नाहीत. हे मी ठरवलेलं नाही, त्यांनी ठरवलंय. फरक फक्त एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

लाइव्ह लोकेशन मी बंद केलं. ते चालू असताना मी त्यांना फोन करायचोच नाही, हे बंद केल्यावर लक्षात आलं.

होळीनंतर मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघालो. गाडी सुटून तासभर झाला असेल, बाबांचा फोन आला. "पातूरचा घाट लागला काय?"

हाताने सवयीने मॅप उघडायला घेतला. मग फोन तसाच कानाला ठेवला. बाहेर काळोख होता, काचेवर माझंच तोंड दिसत होतं. गाडीचा आवाज बदलला होता, ड्रायव्हरने गिअर खाली टाकला होता. पाठ सीटला थोडी जास्त टेकली होती, आणि अंग आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकलं.

"हो बाबा," मी म्हणालो. "आत्ताच लागला."